सेफ्टी रेझर: ब्लेडची गॅप कशी मोजता, आणि हँडल कसं निवडता?

पाथरवट (धागाकर्ता, पुणे)

चांगल्या, महागड्या सेफ्टी रेझरवर इथे अधूनमधून बोलणं होतं, पण ते "कुठला घेऊ?" वर सुरू होतं आणि "अमुक घ्या" वर संपतं. मला दोन गोष्टींवर जरा खोलात बोलायचंय: ब्लेडची गॅप, म्हणजे धार आणि तिच्यापुढची आडवी पट्टी (सेफ्टी बार) यांच्यातली फट, मोजायची पद्धत आणि हँडलांची तुलना.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गॅपचा आकडा कसा मोजला हे शेजारी लिहिलेलं नसेल, तर त्या आकड्याच्या भरवशावर रेझर घेऊ नये. टायटॅनियमचा रेझर म्हटला की वीस हजारांच्या पुढे पैसे जातात. टाइमलेससारखी कंपनी ०.३८, ०.६८ आणि ०.९५ मिमी गॅपचे तीन पर्याय देते, आणि घेणारा आपल्या जुन्या रेझरचा आकडा कुठेतरी वाचून त्याच्याशी ताडून बघतो. पण ते दोन आकडे एकाच ठिकाणी, एकाच दिशेनं मोजलेत का, हे कुणी विचारत नाही.

माझ्याकडे मर्कुर ३४सी आणि रॉकवेल ६एस हे दोन रेझर आहेत. रॉकवेलचं मला आवडतं ते हे की तीन प्लेटांच्या (ब्लेडखालच्या बदलत्या तळांच्या) सहाही बाजूंचे आकडे कंपनीनं दिलेत: ०.२०, ०.३५, ०.४८, ०.६१, ०.६९ आणि ०.७९ मिमी. ३४सीचा आकडा सगळीकडे ०.७१ असा दिसतो. म्हणजे कागदावर तो रॉकवेलच्या ५ आणि ६ नंबरच्या मध्ये बसायला हवा. माझ्या गालावर मात्र तो ४ नंबरच्या आसपास वाटतो.

म्हणून फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पोलादी पानांचा जुडगा) लावला. ३४सीमध्ये ०.६५ चं पान अलगद जातं, ०.७० अडतं. रॉकवेलच्या ४ नंबरला ०.६० अलगद, ०.६५ अडतं. म्हणजे छापील आकड्यांत फार गडबड नाही. तरी दाढी आकड्यांच्या क्रमानं होत नाही. का? तुम्ही कसं मोजता? आणि हँडल बदलल्यावर तेच डोकं वेगळं वाटतं, हा अनुभव कुणाला आहे का?

नवा_गडी

वाचतोय. मी अजून साध्या प्लास्टिकच्या हँडलवाल्या रेझरवर आहे. ३४सी घ्यायचं डोक्यात होतं, म्हणून आगाऊ धन्यवाद.

टूलरूम_भोसरी

पाथरवट, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. आमचा रोजचा धंदाच मोजमापाचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेझरच्या डोक्यात वर कॅप, खाली प्लेट आणि मध्ये ब्लेड; प्लेटची कड म्हणजे सेफ्टी बार. तिथल्या चार मापांपैकी गॅप एक आहे. गॅप म्हणजे ब्लेडची धार आणि सेफ्टी बार यांच्यातली फट. दुसरं एक्स्पोजर. कॅपची कड आणि बार या दोघांना एकाच वेळी टेकणारी सरळ रेषा मनात काढा. ताणलेली कातडी साधारण त्या रेषेत येते. धार त्या रेषेच्या बाहेर आली तर पॉझिटिव्ह, रेषेवर असली तर न्यूट्रल, आत राहिली तर निगेटिव्ह. तिसरं माप ब्लेडच्या कोनाचं. चौथं माप कुणी बोलत नाही ते: ब्लेडला कॅपचा शेवटचा आधार जिथे मिळतो तिथपासून धारेपर्यंत ब्लेड किती मोकळं आहे.

हे चौथं फार महत्त्वाचं. ब्लेडची जाडी ०.१ मिमी. एवढा पातळ पत्रा एका टोकाला धरून दुसऱ्या टोकावर जोर दिला, तर तो किती वाकेल हे मोकळ्या लांबीच्या घनावर ठरतं. मोकळी लांबी १ मिमीऐवजी दीड मिमी झाली की तेवढ्याच जोराला वाकणं ३.३८ पट. खुंट राठ असले की धार थरथरते, आणि तीच थरथर नंतर मानेवर आग म्हणून जाणवते. ०.९५ गॅपचा पण ब्लेड कडेपर्यंत घट्ट धरणारा रेझर हा ०.६५ च्या सैल रेझरपेक्षा मवाळ वाटू शकतो. जिलेटचं १५ नोव्हेंबर १९०४ चं पेटंट वाचा. त्यातला दावाच असा की पातं इतकं पातळ आणि लवचिक आहे की त्याच्या धारेला ताठपणा बाहेरून आधार देऊन आणावा लागतो. सव्वाशे वर्षं होत आली, प्रश्न तोच आहे: आधार कुठपर्यंत?

आता मोजण्याचं. गॅप कुठल्या दिशेनं मोजली? ब्लेडच्या पृष्ठाला काटकोनात की हँडलच्या रेषेत? ब्लेड ३० अंशांनी उतरत असेल तर काटकोनातली ०.६९ आणि हँडलच्या रेषेतली ०.८० ही एकच फट आहे. ३० अंशांचं कोसाइन ०.८६६, त्यानं भागून बघा. दोघेही खरं बोलतात आणि घेणाऱ्याला वाटतं एक रेझर मवाळ, एक जहाल.

आणि व्हर्निअरनं गॅप मोजल्याचं कुणी लिहिलं असेल तर तो आकडा बाजूला ठेवा. दीडशे मिमीचा चांगला डिजिटल व्हर्निअर ०.०१ दाखवतो, पण त्याची अचूकता ±०.०२ च्या आसपास. त्यात आतली माप घेणारी टोकं एवढ्या फटीत शिरतच नाहीत.

पाथरवट

हे सोनं आहे. दिशेचा मुद्दा माझ्या मनात होता, पण मोकळ्या लांबीचा नव्हता. त्या नजरेनं बघितलं तर ३४सीची कॅप ब्लेडला कडेच्या बरीच जवळ धरते, हे उघड्या डोळ्यांनीही दिसतं.

फिलरबद्दल एक सांगतो, कारण बरेच जण पान समोरून, धारेच्या बाजूनं आत ढकलतात. तसं केलं की पान धारेला उचलतं आणि आकडा मोठा येतो. शिवाय धार जाते. पान डोक्याच्या टोकाकडून घालायचं आणि धारेला समांतर सरकवत न्यायचं. पान आणि ब्लेड यांच्यात तेलाचा थर नको, कोरडं पुसून घ्यायचं. दोन पानं एकत्र केली तर त्यांच्यामधलं तेलही मापात येतं. आणि ज्या ब्लेडवर मोजलं त्यानं दाढी करायची नाही, ते सरळ काढून टाकायचं.

ब्लेड नवंच घ्या, आणि नेहमी एकाच ब्रँडचं. ब्लेडच्या रुंदीत ०.१ मिमीचा फरक पडला तर प्रत्येक बाजूला धार ०.०५ नं पुढे-मागे होते.

मिरजेचा_तंबोरा

फिलरच्या पानापेक्षा गोल तार बरी पडते, असा माझा अनुभव. बारचा माथा गोलसर असतो आणि ब्लेड तिरकं. चपटं पान त्या फटीत आडवं बसत नाही, ते तिरकं होऊन कुठेतरी कडेला टेकतं. गोल तारेला तिरकं होणं माहीतच नाही. ती दोन्ही बाजूंना एकेका रेषेत टेकते आणि सगळ्यात कमी अंतर तेवढं दाखवते.

आमच्याकडे मिरजेत सतार-तंबोऱ्याच्या तारा गेजवर, म्हणजे जाडीच्या नंबरावर, मिळतात. पितळी तार घ्यायची, पोलादी नको. पितळ मऊ, धारेला फारसा त्रास देत नाही. गेजचे आकडे असे: २८ म्हणजे ०.३७६ मिमी, २६ म्हणजे ०.४५७, २४ म्हणजे ०.५५९, २३ म्हणजे ०.६१०, २२ म्हणजे ०.७११, २१ म्हणजे ०.८१३, २० म्हणजे ०.९१४. आता पाथरवटांनी दिलेले आकडे यांच्याशेजारी ठेवा. २३ ची तार म्हणजे बरोबर रॉकवेलचा ४ नंबर. २२ ची तार म्हणजे ३४सीचा ०.७१. २८ ची तार म्हणजे टाइमलेसचा सगळ्यात लहान पर्याय. एवढं जुळेल असं मलाही वाटलं नव्हतं.

तारेचा चार बोटं लांब तुकडा सरळ ताणून घ्यायचा, मायक्रोमीटरनं एकदा तपासायचा, कारण गुंडाळीवरच्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नये. टोक कानसून गोल करायचं आणि टोकाकडून आत घालायचं. स्वतःच्या वजनानं सरकली तर गॅप तिच्यापेक्षा मोठी. बोटानं हलकं रेटून सरकली आणि तारेवर धारेची बारीक रेघ उमटली तर तीच गॅप.

टूलरूम_भोसरी

तंबोरा, उत्तम. आमच्याकडे हेच काम पिन गेज (ठरावीक व्यासाच्या पोलादी पिना) करतात, ०.०१ च्या पायरीनं मिळतात, पण अख्खा संच घरी घेण्यासारखा नाही. तारेला माझं अनुमोदन.

गिरणगाव

माझ्याकडे वडिलांचा जिलेट स्लिम ॲडजस्टेबल आहे, चकती फिरवून गॅप कमी-जास्त करायचा रेझर. डोक्याच्या खालच्या बाजूला जे-२ असा शिक्का, म्हणजे १९६४ ची दुसरी तिमाही. आधीचा जाड हँडलचा, ज्याला फॅटबॉय म्हणतात, तो १९५८ ते १९६१. त्यानंतर १९६८ पर्यंत स्लिम. दोघांवरही १ ते ९ आकडे.

नव्या लोकांना एक कळकळीनं सांगायचंय. ते आकडे मिलिमीटर नाहीत, आणि एकाचा ५ दुसऱ्याच्या ५ इतकाच असेल असंही नाही. साठ वर्षांत आतली स्प्रिंग आणि दट्ट्या झिजलेला असतो. दुसरं, आकडा फिरवण्याआधी खालची मूठ अर्धा आटा सैल करा. आवळलेल्या स्थितीत चकती फिरवली की आतले भाग एकमेकांवर घासतात.

माझी दाढी ५ वर होते, मान ३ वर. एकाच रेझरनं हे करता येतं, म्हणून इतक्या वर्षांत मला दुसरा घ्यावासा वाटला नाही. ब्लेडं बरीच वर्षं ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्सची सुपरमॅक्स. या रेझरची गॅप मोजायची तर डोकं दोन दारांसारखं उघडणारं, बाजूला आड येणारे कान. कशी मोजू?

टूलरूम_भोसरी

गिरणगाव काका, तुमच्या रेझरला तारच बरी. बाजूनं बघायची पद्धत तिथे चालत नाही, कारण ते कान फट झाकतात. १, ३, ५, ७, ९ अशा पाच जागी तार लावा. प्रत्येक वेळी मूठ सैल करून, आकडा लावून, पुन्हा पूर्ण आवळून मगच माप घ्या. आणि डाव्या-उजव्या दोन्ही धारा वेगवेगळ्या मोजा.

तीन तुकड्यांच्या (कॅप, प्लेट, हँडल सुटे असलेल्या) रेझरसाठी मात्र सगळ्यात चांगली पद्धत प्रोफाइल प्रोजेक्टर. डोकं टोकाकडून प्रकाशात धरलं की कॅप, ब्लेड आणि बार यांची सावली पडद्यावर पडते. २० पट मोठं केलं की ०.७ मिमीची गॅप १४ मिमीची दिसते. पडद्यावर कॅप-बारची स्पर्शरेषा टाकली की एक्स्पोजरही तिथेच मोजता येतं. फिलर किंवा तार एक्स्पोजर कधीच सांगू शकत नाही. चाकण, भोसरी, अंबड, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत मोजमापाची लॅब असते, ओळखीनं अर्ध्या तासाचं काम आहे.

ते जमत नसेल तर मोबाइल. पण जवळून फोटो काढू नका, जवळची कड मोठी आणि लांबची लहान दिसते. हात-दीड हात लांब ठेवून झूम वापरा, मागे पांढरा उजेड, मोबाइल स्टँडवर. फोटोत ब्लेडची जाडी दिसतेच, तीच तुमची पट्टी: ०.१ मिमी.

नवा_गडी

प्रश्न बाळबोध वाटेल, पण गॅप आणि एक्स्पोजर यांतलं गालावर नक्की काय जाणवतं? दोन्ही बदलले तर दोष कुणाचा हे कसं कळणार?

पाथरवट

हा मुळीच बाळबोध नाही. मी त्याच्यासाठी शिमचा प्रयोग केला. तुम्हीही करू शकता, खर्च शून्य.

जुन्या ब्लेडच्या दोन्ही धारा पत्रा कापायच्या कात्रीनं काढून टाकायच्या, हातमोजा घालून. मधली भोकांची पट्टी उरते, ती तुमची ०.१ मिमीची शिम. आता ती ठेवायच्या दोन जागा आहेत. ब्लेडच्या खाली, प्लेटवर ठेवली तर प्लेट ०.१ नं खाली जाते: गॅप वाढते आणि थोडं एक्स्पोजरही. ब्लेडच्या वर, कॅपच्या खाली ठेवली तर कॅप वर जाते: गॅप तेवढीच राहते, बदलतं ते एक्स्पोजर.

रॉकवेलच्या ३ नंबरवर केलं. शिम खाली ठेवल्यावर रेझर एकदम ४ नंबरच्या अंगानं गेला. फेसाचा जाड थर आणि दोन दिवसांचे खुंट सहज ओढून नेले, ब्लेड मात्र फारसं "दिसलं" नाही. शिम वर ठेवल्यावर खुंट कापण्यात मोठा फरक नाही, पण ब्लेड कातडीवर सतत जाणवत राहिलं. सुलट्या हाताला ठीक, हनुवटीखाली उलटा हात मारताना सावध व्हावं लागलं.

त्यावरून माझा निष्कर्ष: गॅप ठरवते की एका हातात किती दाढी निघेल. कातडीला काय वाटेल ते एक्स्पोजर आणि ब्लेडचा ताठपणा ठरवतात. जाहिरातीत पहिलंच छापतात, कारण ते एका आकड्यात मावतं.

टूलरूम_भोसरी

प्रयोग चोख. फक्त एक पुस्ती. शिम ब्लेडपेक्षा अरुंद असते. ती वर ठेवली की कॅपचा दाब ब्लेडच्या कडेपासून आत सरकतो, म्हणजे मोकळी लांबीही थोडी वाढते. तुम्हाला जे जाणवलं त्यात काही वाटा त्याचाही असणार.

ऱ्हाइनकाठी

नमस्कार मंडळी, ड्युसेलडॉर्फहून. धागा वाचून राहवलं नाही. मी पायांसाठी सेफ्टी रेझर वापरते, नवरा दाढीला, त्यामुळे आमच्या घरी हँडलवरून चर्चा रोजची.

हँडलची तुलना करायची तर डोकं एकच ठेवायला हवं, किंवा हँडल एकच ठेवून डोकी बदलायला हवीत. दोन्ही एकदम बदलून "हा छान, तो नाही" म्हणण्यात अर्थ नाही. म्यूले कंपनीचे आर८९ आणि आर४१ हे रेझर या कामाला फार सोयीचे. हँडल एकच बसतं, आर८९ बंद (सलग) बारचा आणि सौम्य, आर४१ उघड्या कंगव्याचा (बारला दात असलेला) आणि भलताच जहाल. तेच हँडल हातात असताना डोकं किती फरक पाडतं हे पाच मिनिटांत कळतं.

माझी निवड: पायांसाठी लांब हँडल, १०० मिमीच्या आसपास, आणि नर्लिंग (पकडीसाठी काढलेल्या खाचा) पाहिजेच. शॉवरमध्ये साबणाच्या हातात गुळगुळीत क्रोम निसटतं. गुडघ्याच्या मागे डोळ्यांना दिसत नाही, तिथे हँडल बोटांत फिरलेलं हातालाच कळलं पाहिजे. नवऱ्याला ३४सीचं आखूड, जाड हँडल प्रिय. तो डोक्याजवळ तीन बोटांनी धरतो, मूठ वापरतच नाही.

पण ३४सीबद्दल एक लक्षात घ्या: तो दोन तुकड्यांचा आहे. हँडल आणि प्लेट एकत्र, खालची मूठ फिरवली की कॅप सुटते. त्याचं हँडल बदलता येत नाही.

जर्मनीत येणाऱ्यांसाठी: इथून एस-१ लोकलनं झोलिंगेन जवळच आहे. ग्रेफ्राथमध्ये जुन्या मठाच्या इमारतीत पात्यांचं संग्रहालय आहे, वस्तऱ्यांपासून तलवारींपर्यंत. गावाचं नाव मालावर छापायला १९३८ पासून कायद्याचं बंधन आहे, त्या भागात न बनलेल्या पात्यावर ते घालता येत नाही. संग्रहालय बघून आल्यावर मी ब्लेड पुसायची सोडून दिली. झटकायचं आणि वाळू द्यायचं.

लेथवाला_इचलकरंजी

ताईंनी हँडलचा विषय काढला ते बरं झालं. मी स्वतः हँडलं काढतो, हौसेनं.

लोक वजन विचारतात. विचारायला हवं ते वजन कुठे आहे. ८० मिमी लांब, १२ मिमी व्यासाचं भरीव हँडल धरा. घनफळ ९ घनसेंमीच्या जरा वर. पितळात ते ७७ ग्रॅम भरतं, ३१६एल स्टीलमध्ये ७२, टायटॅनियममध्ये ४१, ॲल्युमिनियममध्ये २४. माप तेच, हातातली वस्तू चार वेगळ्या. आता डोकं स्टीलचं आणि हँडल टायटॅनियमचं केलं तर तोल डोक्याकडे सरकतो. रेझर स्वतःच्या वजनानं गालावरून उतरतो, हातानं दाबायची गरज उरत नाही. उलट डोकं हलकं आणि हँडल भरीव पितळी असेल तर तोल मुठीत येतो. डोकं उचलल्यासारखं वाटतं आणि माणूस नकळत दाब देतो. दाब दिला की कातडी फटीत फुगते आणि ब्लेड लागतं. गॅप ०.०५ नं कमी-जास्त करण्यापेक्षा हा फरक मोठा.

तोल मोजायला फूटपट्टी उभी धरायची, तिच्या कडेवर रेझर आडवा ठेवायचा, जिथे स्थिर राहील तिथून कॅपच्या माथ्यापर्यंतचं अंतर घ्यायचं. ब्लेड लावूनच. माझ्या हाताला २५ ते ३० मिमी बरं वाटतं. मी स्टीलच्या हँडलला खालून ६ मिमीचं भोक ६० मिमी खोल मारतो. साडेतेरा ग्रॅम निघून जातात आणि सगळे मुठीकडचे.

लांबीचं गणित: हाताकडचं टोक १० मिमी हललं तर ९० मिमीच्या हँडलला कोन ६.३ अंशांनी बदलतो, ७० मिमीच्या हँडलला ८.१ अंशांनी. ज्याचा हात अजून बसलेला नाही त्याला लांब हँडल सांभाळून घेतं. ज्याला नाकाखाली कोन झटकन बदलायचाय त्याला आखूड.

नर्लिंग दोन तऱ्हांचं. दाबून काढलेलं, त्यात धातू सरकतो आणि माथे किंचित गोल येतात. कापून काढलेलं, त्यात धातू निघतो आणि हिऱ्यासारखे टोकदार दात उभे राहतात. महागड्या हँडलांवर बहुधा दुसरं. हाताला ते ओलं असतानाही पकडतं. पण दातांची टोकं शेवटी हलकी मारून घेतलेली नसली तर बोटं सोलतात. विकत घेताना फोटोत कडेचा चॅम्फर (तिरका मारलेला काठ) बघा. जिथे नर्लिंग संपतं तिथे बारीक गाळा सोडून स्वच्छ शेवट केलेला असेल तर कारागिरानं काम मनापासून केलंय.

काळी_माती

लातूरहून. आमच्या बोअरच्या पाण्यानं नर्लिंगच्या खाचांत पांढरा थर बसतो, भरड नर्लिंग असलं तर जास्तच. महिन्यातून एकदा पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यात पाच मिनिटं बुडवून जुन्या टूथब्रशनं घासलं की स्टीलचं हँडल नव्यासारखं. झमॅकच्या (जस्ताच्या मिश्रधातूच्या) रेझरला हे करू नका. क्रोमचा थर आट्यांजवळ पातळ असतो, तिथून धातू खाल्ला जातो. नुसतं पितळ असेल, वर मुलामा नसेल, तर चिंच-मीठ किंवा पितांबरी. मुलामा असेल तर दोन्ही वर्ज्य.

एक प्रश्न. माझा एक झमॅकचा रेझर आहे, नाव घेत नाही. एका बाजूची गॅप दुसऱ्या बाजूपेक्षा डोळ्यांना मोठी दिसते. काय करू?

टूलरूम_भोसरी

आधी ब्लेड काढून उलटं करून लावा. मोठी बाजू ब्लेडबरोबर फिरली तर दोष ब्लेडचा, जागच्या जागी राहिली तर डोक्याचा. मग कॅप प्लेटवर अर्धा फेरा फिरवून बसवा. फरक कॅपबरोबर फिरला तर कॅप, नाही तर प्लेट.

बऱ्याचदा दोष कुणाचाच नसतो. कॅपच्या खुंट्या आणि ब्लेडची भोकं यांच्यात थोडा ढिलेपणा असतोच. डोकं उलटं धरा, ब्लेडची दोन्ही आखूड टोकं अंगठा आणि बोटानं सारखी दाबा, आणि तसंच धरून हँडल आवळा. धारेला बोट लागू देऊ नका. एवढ्यानं सरळ झालं तर प्रश्न मिटला. नाही झालं आणि तारेनं दोन बाजूंत ०.१ चा फरक निघाला, तर कमी गॅपची बाजू मानेला आणि जास्तीची गालाला, असं वापरता येईल. पण नवा असेल तर परत करा.

काळी_माती

ब्लेड उलटं केलं, फरक जागेवरच. कॅप फिरवल्यावर फरक कॅपबरोबर गेला. २३ ची पितळी तार मिळाली इथल्या वाद्यांच्या दुकानात. एका बाजूला जाते, दुसऱ्या बाजूला नाही. परत करतोय.

गिरणगाव

स्लिम मोजला. १ वर २८ ची तारही जात नाही. ५ वर २४ ची जाते, २३ ची नाही. ९ वर २० ची थोडं रेटून जाते. दोन्ही बाजू सारख्या. साठ वर्षांच्या वस्तूनं दोन्ही बाजू सारख्या दाखवाव्यात याचा मला फार आनंद झाला. वडील असते तर त्यांना दाखवलं असतं.

पाथरवट

काका, तुमची दाढी ५ वर, म्हणजे ०.५६ ते ०.६१ च्या मध्ये. माझी रॉकवेलच्या ४ वर, ०.६१. आकडे कसे मोजले हे माहीत असलं की असे शेजारी ठेवता येतात.

पुढे इथे कुणी गॅप लिहिणार असेल तर तार की फिलर, कुठलं ब्लेड, आणि दोन्ही बाजूंचे आकडे, एवढं कृपया सोबत लिहा.

नवा_गडी

मंडळी, धागा वाचून ३४सीऐवजी तीन तुकड्यांचा जर्मन रेझर घेतला, हँडल बदलता यावं म्हणून. आजोबांच्या ट्रंकेत जिलेट टेकचं हँडल सापडलं, वजनदार, सुंदर नर्लिंगचं. जर्मन कॅपवर लावतोय तर दोन आट्यांनंतर घट्ट होतंय. तेल लावून पक्कडीनं फिरवू का?

लेथवाला_इचलकरंजी

अजिबात नको. थांबा तिथेच.

जुन्या टेकचे आटे १०-३२, म्हणजे बाहेरचा व्यास ४.८३ मिमी, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.७९४. जर्मन रेझरचे एम५, व्यास ५.०० मिमी, पिच ०.८. पिच इतकं जवळचं की सुरुवातीचे आटे धरतात आणि माणूस फसतो. टेकची कॅप एम५ हँडलमध्ये जाते, किंचित ढिली, चालून जातं. उलटं मात्र नाही: कॅपचा ५ मिमीचा आटेवाला खुंट ४.८३ च्या भोकात जबरदस्तीनं घातला की आटे चिरडतात, आणि कॅपचा खुंट झमॅकचा असेल तर तो मुळाशी तुटतो. नेहमी बोटांनी फिरवून बघायचं. चार-पाच आटे मोकळे गेले तरच पुढे.

टेकच्या हँडलमध्ये एम५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवता येईल, पण मग ते जुन्या टेकच्या डोक्याला कायमचं ढिलं होईल. आजोबांची वस्तू आहे, तशीच ठेवा. टेकचं डोकं कुठे मिळालं तर जोडी जुळेल.

तोवर त्या हँडलची लांबी, जाड भागाचा व्यास, मुठीजवळचा व्यास आणि वजन कळवा. तोच घाट ३१६एलच्या रॉडमधून एम५ आट्यांचा काढून देतो. नर्लिंग तेवढंच भरड हवं की बारीक, तेही लिहा.